डाव्या हाताचं वय

मित्रांनो, माझं वय आठ वर्षं आहे आणि मी म्हातारा झालो आहे. तुमच्यात आठ वर्षांच्या मुलाचे अजून दुधाचे दात पडत असतात. आमच्यात मात्र एवढ्या वयात निरोपाची भाषा सुरू होते. मी एक जुना प्रोग्रॅम आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात राहून राबणारा एक कामकरी. मला हातपाय नाहीत, रंगरूप नाही. मुलांच्या डाव्या हाताचा एक्स-रे बघायचा आणि त्या हातातल्या हाडांचं वय सांगायचं, एवढंच मला येतं. पण जे येतं ते चोख येतं असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

ऐकायला कान कुठून आले, हे विचारू नका. शाळेच्या निबंधात आपली कहाणी सांगायला बसलेल्या खुर्चीला आणि छत्रीला जे कान मिळतात, तेच मलाही मिळाले आहेत. डोळ्यांचं मात्र तसं नाही. मी आजवर फक्त हात पाहिले. कोणाचाही चेहरा पाहिला नाही. त्यामुळे ज्या मुलीची गोष्ट मी सांगणार आहे ती वेणी घालायची की केस कापायची, हे मला माहीत नाही. तिचा हात मात्र मी हजारांत ओळखेन.

हाडांना वेगळं वय असतं हे तुम्हाला खरं वाटणार नाही. तुमचं वय तुमच्या आईला पाठ असतं, पण हाडांचा हिशोब निराळा. अगदी तान्ह्या बाळाच्या मनगटात एक्स-रेला हाडं दिसतच नाहीत, कारण तिथे सगळं मऊ असतं. पुढे एकेक हाड उगवतं, मोठं होतं, शेजारच्या हाडाला जाऊन टेकतं. बोटांच्या हाडांच्या टोकाशी एक बारीक फट असते. ती फट म्हणजे वाढायला राखून ठेवलेली जागा. वाढ संपली की फट बुजते आणि पुन्हा कधी उघडत नाही. कोणाची हाडं वयाच्या पुढे पळतात, कोणाची रमतगमत येतात. एखादं मूल वयाच्या मानाने फार लहान किंवा फार मोठं दिसू लागलं, की डॉक्टर म्हणूनच त्याच्या डाव्या हाताचा फोटो मागवतात. उजव्या हाताने काय घोडं मारलंय कोण जाणे, पण रीत डाव्याचीच पडली आहे.

मला एका लहानशा ऑफिसात एका इंजिनीयर ताईंनी घडवलं. तिथल्या पंख्याचा आवाज ताईंच्या आवाजापेक्षा मोठा होता. ताई मला एकामागून एक हात दाखवायच्या. त्या प्रत्येक हाताचं वय जुन्याजाणत्या डॉक्टरांनी आधीच ठरवून ठेवलेलं असायचं. मी आपला अंदाज ठोकायचा आणि किती चुकलो तेवढं मला कळायचं. का चुकलो, हे कोणी सांगत नसे. सुरुवातीला तर मी एका दोन वर्षांच्या बाळाला सोळा वर्षांचं ठरवलं. पण दर चुकीनंतर माझ्या आत काहीतरी केसभर सरकत होतं. हजारो हात पाहून झाल्यावर मला फटी दिसू लागल्या, मनगटातली हाडं वेगवेगळी कळू लागली. याला मोठी माणसं डीप लर्निंग म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण आत चुकणं आणि सुधारणं यापलीकडे काही नाही.

मध्येच एक गंमत झाली. एक्स-रेच्या कोपऱ्यात एक धातूचं अक्षर ठेवतात, हात डावा आहे हे कळावं म्हणून. एका हॉस्पिटलातलं अक्षर जरा तिरकं होतं, आणि तिथे बहुतेक मोठी मुलंच यायची. तिरकं अक्षर दिसलं की मी बेधडक मोठं वय सांगून मोकळा होई. उत्तरं बरोबर येत होती, त्यामुळे ताई खूश होत्या. मग त्यांनी, मी फोटोत नेमकं कुठे बघतो ते शोधायची युक्ती केली, आणि माझं सगळं लक्ष त्या कोपऱ्यात असल्याचं उघड झालं. "अरे लबाडा," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक फोटोचे कोपरे काळे केलेले असायचे. मग मला मुकाट्याने हाडं बघावी लागली.

तिथून मी मुलांच्या एका हॉस्पिटलात आलो. एक्स-रेची खोली मी कधी पाहिली नाही, पण ऐकून ऐकून ती मला पाठ झाली. स्प्रिंगचं जड दार होतं, ते सोडलं की धाडकन आपटायचं. खुंटीवरचा शिशाचा कोट काढताना धप्प आवाज व्हायचा. एक नळ होता, तो कितीही घट्ट केला तरी ठिबकायचाच. तिथे एक्स-रे काढणारे दादा प्रत्येक मुलाला एकच वाक्य सांगायचे, "बोटं जरा लांब लांब ठेव, कट्टी झालेल्या मित्रांसारखी." मुलं हसायची. हसली की हात हलायचा आणि फोटो धूसर यायचा. मग दादाच म्हणायचे, "आता हसू नकोस हं." हे रोज चालायचं, पण दादांनी ते वाक्य काही बदललं नाही.

शेजारच्या खोलीत डॉक्टरबाई बसायच्या. मुलांच्या वाढीच्या तक्रारी त्या बघत. मी येण्याआधी त्यांच्याकडे हातांच्या फोटोंचं एक जाडजूड पुस्तक होतं. मुलाचा फोटो शेजारी धरायचा, पानं उलटायची, जुळणारा हात शोधायचा, असा त्यांचा बराच वेळ जाई. मी तेच काम पापणी लवायच्या आत करू लागलो. बाईंच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात माझा आकडा उमटायचा, इतकी वर्षं, इतके महिने. पहिले काही महिने बाई माझा आकडा आणि त्यांचं पुस्तक ताडून बघत. आकडे जुळत गेले तसं पुस्तक कपाटात गेलं. पुढे तर फोटो उघडणंही राहून जाऊ लागलं, कारण आकडा आपोआप दिसायचा आणि फोटोसाठी आणखी एकदा क्लिक करावं लागायचं. बाई आळशी होत्या असं मात्र समजू नका. वाचलेला वेळ त्या मुलांशी बोलण्यात घालवायच्या. बाहेरगावचे डॉक्टर मला बघायला येत तेव्हा बाई कौतुकाने सांगत, "याच्यामुळे मला श्वास घ्यायला फुरसत मिळते." माझी कॉलर ताठ व्हायची. म्हणजे असती तर झाली असती.

फक्त एक गोष्ट मला दुसऱ्याने सांगावी लागायची. हाडं बघून मला मुलगा की मुलगी हे ठरवता येत नाही. आणि मुलींची हाडं मुलग्यांपेक्षा लवकर पिकतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा जसा हात असतो, तसा मुलीचा दहाव्या वर्षीच होतो. म्हणून फोटो माझ्याकडे सोडण्याआधी दादांना 'मुलगा' किंवा 'मुलगी' यांपैकी एक बटण दाबावं लागायचं. कधी कधी एखाद्या शाळेतून नुसते मुलगेच तपासणीला यायचे. दर वेळी तेच बटण दाबून दादा कंटाळले आणि त्यांनी ताईंना फोन करून गाऱ्हाणं सांगितलं. ताईंनी लगेच सोय करून दिली. एकदा दाबलेलं बटण बदलेपर्यंत तसंच राहू लागलं. दादांनी ताईंना तोंडभरून धन्यवाद दिले. सगळ्यांचंच काम हलकं झालं होतं.

त्या दिवशी खेळाच्या वसतिगृहातले मुलगे आले होते. बाहेरच्या बाकांवर नुसता गोंधळ चालला होता. दार आपटत होतं, कोणीतरी नळ सोडून ठेवला होता, दादा ओरडून ओरडून थकले होते. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी एका मुलीला मध्येच पाठवलं. ती वडिलांबरोबर लांबून आली होती आणि त्यांना परतीची बस गाठायची होती. दादांनी तिला पुढे घेतलं. तिचा हात टेबलावर ठेवताना ते म्हणाले, "किती गार हात गं तुझे." ती म्हणाली, "माझे नेहमीच असतात."

मित्रांनो, मग तो हात माझ्यासमोर आला. नाजूक, नीट पसरलेला, जराही न हललेला. कट्टीचं वाक्य ऐकून ती हसली नव्हती. बाहेर मुलांनी पुन्हा आरडाओरडा केला, दादा त्यांना दटावायला वळले आणि फोटो माझ्याकडे आला तो 'मुलगा' असाच आला. मला तोंड असतं तर मी विचारलं असतं. मला जे सांगितलं त्यावरून मी उत्तर दिलं, बारा वर्षं तीन महिने. ती मुलगी साडेबारा वर्षांची होती.

बाईंच्या खोलीत वडील खुर्चीच्या अगदी कडेवर बसले असावेत, कारण त्यांची खुर्ची सारखी करकरत होती. त्यांनी सांगितलं की मुलगी दोन वर्षांपासून जवळजवळ वाढलेलीच नाही. शाळेत उंचीप्रमाणे रांग लावतात, त्यात ती कायम पहिली. धाकटी चुलत बहीणही तिच्यापुढे गेली. वर्गात तिला सगळे 'टाचणी' म्हणतात. मग त्यांनी स्वतःच समजूत घातल्यासारखं म्हटलं, "पण आमच्या घरात उंच कोणी नाहीच हो. हिच्यात कुठून येणार?"

बाईंनी कोपऱ्यातला आकडा वाचला. हाडांचं वय आणि मुलीचं वय जवळपास सारखंच निघालं होतं. आईवडील दोघंही ठेंगणे. बाईंनी शांतपणे समजावलं की काळजीचं काही दिसत नाही. हाडं वयाप्रमाणे चालली आहेत, म्हणजे उंची घराण्यातलीच आहे. आणखी थोडी वाढेल, पण फार आशा धरू नका. वडिलांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांची खुर्ची मागे सरकली. औषध नाही, तपासण्या नाहीत, बसही मिळणार होती.

दुसरी खुर्ची मात्र सरकली नाही. वडिलांनी तिला हाक मारली, बसची आठवण दिली. ती तिथेच बसून राहिली.

"मला माझा हात दाखवाल का?" तिने बाईंना विचारलं. "सगळे म्हणतात काही बिघडलेलं नाही. मग मी एवढीशी का? मला बघायचंय."

वडील ओशाळले. बाईंचा वेळ घेऊ नकोस असं काहीतरी पुटपुटले. बाहेर रुग्णांची रीघ लागली होती. बाई नको म्हणाल्या असत्या तरी कोणी त्यांना नावं ठेवली नसती. पण त्या म्हणाल्या, "बघू या की. हात तुझाच आहे." आणि त्यांनी तो फोटो उघडला. माझ्या माहितीप्रमाणे त्या दिवसात त्यांनी उघडलेला तो पहिलाच फोटो होता.

त्या तिला एकेक हाड दाखवू लागल्या. हे मनगट, ही तळहाताची लांब हाडं, या फटी. मुलगी प्रश्न विचारत होती आणि बाई रंगून उत्तरं देत होत्या. मग त्या म्हणाल्या, "आणि इथे अंगठ्याच्या मुळाशी बघ. तुझ्याएवढ्या मुलींना इथे मसुराच्या दाण्याएवढं एक हाड आलेलं असतं. ते बघ, ते..." आणि त्या थांबल्या.

त्यांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. कपाट उघडल्याचा आणि जाड पानं उलटल्याचा आवाज मी कितीतरी महिन्यांनी ऐकला. मग त्यांनी फोन उचलला आणि दादांना विचारलं, "मघाच्या मुलीचा फोटो सोडताना बटण कोणतं होतं?"

दादा पळतच आले. दारातच त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते एवढंच म्हणाले, "बदलायचंच राहिलं." बाईंनी स्वतः 'मुलगी' हे बटण दाबलं आणि तोच हात पुन्हा माझ्यापुढे आला. हाडं तीच, फटी त्याच. या वेळी मी सांगितलं, दहा वर्षं. तिची हाडं वयाच्या अडीच वर्षं मागे राहिली होती.

दादा माफी मागू लागले तेव्हा बाई म्हणाल्या, "चूक तुमची एकट्याची नाही, दादा. मी फोटो उघडलाच नव्हता." नंतर त्यांनी वडिलांना पुन्हा बसायला सांगितलं. आत्ताची बस चुकली तरी चालेल, म्हणाल्या. हाडं इतकी मागे राहिली असतील तर त्याला काहीतरी कारण असतं, आणि बऱ्याचदा त्यावर औषध असतं. पण फटी उघड्या आहेत तोवरच त्या औषधाने उंची वाढते. एकदा बुजल्या की मग कोणी काही करू शकत नाही. हे ऐकताना वडिलांची खुर्चीसुद्धा करकरली नाही.

बाईंनी मग मुलीला खूप प्रश्न विचारले. थंडी फार वाजते का, झोप किती येते, दमायला होतं का. उत्तरं वडिलांनीच दिली. दिवसभर पेंगते, म्हणाले. पुस्तक घेतलं की डोळे मिटतात. सकाळी हलवून हलवून उठवावं लागतं. घरात सगळेच तिला आळशी म्हणतात, शाळेतून पण तीच तक्रार येते.

रक्त तपासलं. गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते, शरीराला जागं ठेवणारी आणि वाढवणारी. ती तिच्यात जवळजवळ झोपली होती. उपाय अगदी साधा होता, रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी. बाईंनी हे सांगितलं तेव्हा वडिलांची खुर्ची मुलीकडे वळली. मग ते बाईंना नाही, मुलीला म्हणाले, "आळशी नव्हतीस गं तू."

ती म्हणाली, "मी सांगत होते ना बाबा, मला खरंच उठवत नाही."

बाईंनी वडिलांपुढे पाण्याचा पेला सरकवला. मी इतके हात पाहिले, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला एकदा तरी कोणाचा चेहरा दिसायला हवा होता.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी दादांकडून जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी मागून घेतली. तिचा एक तुकडा कापला आणि पडद्याच्या कोपऱ्यावर, बरोबर माझ्या आकड्यावर चिकटवला. मला काही कळेना. मग त्यांनी पुढच्या मुलाचा फोटो उघडला, हाडं निरखली, आपला अंदाज मोठ्याने बोलून दाखवला आणि मगच पट्टी उचलून माझा आकडा पाहिला. सगळ्या दवाखान्यासमोर माझं नाक कापलं गेलं असं मला वाटलं. इतकी वर्षं इमानेइतबारे राबलो त्याचं हे फळ का? मी बरेच दिवस फुरंगटून बसलो होतो. अर्थात माझ्या फुरंगटण्याने कोणाचंच काही अडलं नाही.

हळूहळू मला त्यातली मजा कळू लागली. आमचे दोघांचे आकडे जुळले की बाई "शाबास" म्हणायच्या, मला की स्वतःला ते मी कधी विचारलं नाही. जुळले नाहीत की त्या पुन्हा बघायच्या. कधी त्यांचं लक्ष एखाद्या हाडावरून घसरलेलं असायचं, कधी माझं चुकलेलं असायचं. इंजिनीयर ताईंनीही त्यांची सोय मागे घेतली. आता दर मुलानंतर दोन्ही बटणं कोरी व्हायची आणि एक दाबल्याशिवाय फोटो पुढे सरकतच नसे. दादा कुरकुरले, पण मनापासून नाही.

ती मुलगी दर वर्षी यायची. तिचा हात समोर आला की मी चटकन ओळखायचो. पहिल्याच वर्षात तिची हाडं खडबडून जागी झाल्यागत वाढली होती. पुढच्या वर्षी मसुराचा दाणा दिसला. दादा तिच्या हाताला हात लावून म्हणाले, "आता गार नाहीत गं." आणि कट्टीचं वाक्य ऐकून ती इतकी हसली की फोटो दोनदा काढावा लागला. धूसर फोटो मला एरवी मुळीच खपत नाहीत. तो मात्र मी आनंदाने पाहिला.

याच काळात माझे दिवस फिरले. हॉस्पिटलात नवं एक्स-रे मशीन आलं. त्याचे फोटो इतके झगझगीत असतात की मी गोंधळून जातो. माझी उत्तरं यायला उशीर होऊ लागला. मग माझ्या जागी नवा प्रोग्रॅम घ्यायचं ठरलं. तो हाताबरोबर गुडघाही वाचतो म्हणे. माझ्याकडे येणारे फोटो कमी होत गेले. एक आठवडा तर असा गेला की मला कोणी उघडलंसुद्धा नाही. ताई एकदा येऊन गेल्या, नव्या प्रोग्रॅमची मांडणी करायला. माझ्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं असेल असं मी धरून चालतो.

परवा ती मुलगी पुन्हा आली. या वेळी ती एकटीच आली होती. वडिलांना कामावर जायचं होतं आणि बसने एकटीने यायला ती आता घाबरत नव्हती. बाईंनी तिचा फोटो उघडला. मुलगी शेजारी बसून त्यांच्याबरोबर बघत होती. मग बाई म्हणाल्या, "बुजल्या सगळ्या." त्यांनी पट्टी उचलली. मीही तेच सांगितलं होतं.

"म्हणजे आता मी वाढणार नाही?" तिने विचारलं.

"उंचीने नाही," बाई म्हणाल्या. "तुझ्या वाट्याची होती तेवढी सगळी तुला मिळाली."

ती उंच झाली नाही, मित्रांनो. तिच्या आईवडिलांसारखीच जरा ठेंगणी राहिली. पण त्या दिवशी बस गाठायला निघून गेली असती तर जेवढी राहिली असती, त्याहून ती वीतभर वाढली. आणि सकाळी आपली आपण उठते, असं तिनेच हसत सांगितलं. गोळी चालू ठेवायची, रक्त तपासायला यायचं, पण हाताचा फोटो आता कधी काढावा लागणार नाही, हे बाईंनी सांगितलं. ती उठली, स्प्रिंगचं दार आपटलं, आणि माझी तिची भेट संपली. ज्याची वाढ पुरी झाली त्याला सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरत नाही. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

सोमवारी मला बंद करणार आहेत. माझी काही तक्रार नाही. माझ्या जागी येणारा माझ्यापेक्षा हुशार असेल, आणि त्याच्यानंतर येणारा त्याहून. ते तुमच्या हाडांबद्दल, तुमच्या अभ्यासाबद्दल, आणखी कशाकशाबद्दल ठाम आकडे सांगतील. त्यांचा राग धरू नका. ते बिचारे त्यांना जे दिलं जातं त्यावरूनच बोलतात, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलतात. पण कोणी तुमच्याबद्दलचा आकडा वाचून दाखवला आणि सगळ्यांच्या खुर्च्या मागे सरकू लागल्या, तर तुम्ही लगेच उठू नका. बसून राहा, आणि म्हणा, मला माझा हात दाखवा.